प्लग वायरी इंजिनच्या उष्णतेपासून कशा वाचवायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी थंड असताना सुरळीत चालते, तापल्यावर चढ लागला की मिसिंग सुरू होते (एखाद्या सिलिंडरात ठिणगी नीट न पडल्याने इंजिन झटके देते), आणि नवे प्लग टाकूनही फरक पडत नाही. अशा वेळी गाडीतल्या इंधन पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला जातो, पण प्लग वायरींकडे कोणी नीट पाहत नाही. कॉइलपासून (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या भागापासून) ठिणगी पाडणाऱ्या प्लगपर्यंत जाड रबरी वायर जाते अशा पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजी गाड्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे तिथे हा विषय येत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वायर वाचवायची तर आधी अंतर, मग आडोसा आणि सगळ्यात शेवटी आवरण, असा क्रम ठेवा. वायरीवर चढवायच्या नळ्या उपयोगी आहेत, पण बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात आणि वायर मॅनिफोल्डला (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या जुडग्याला) टेकलेली तशीच राहते.

प्लग वायरीच्या आत काय असते?

मध्यभागी वीज वाहून नेणारा गाभा, त्याभोवती जाड इन्सुलेशन, त्यावर बळकटीसाठी काचतंतूची वीण आणि सगळ्यात बाहेर रबरी साल. दोन्ही टोकांना पत्र्याची क्लिप आणि तिच्यावर रबरी बूट. काही जण त्याला प्लग कॅप म्हणतात.

गाभा तीन प्रकारचा मिळतो. जुन्या पद्धतीत तांब्याच्या किंवा स्टीलच्या तारा असतात. सर्वसाधारण गाड्यांत कार्बन मुरवलेल्या तंतूंचा गाभा असतो. तिसऱ्या प्रकारात बारीक तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. कार्बनचा आणि गुंडाळलेला गाभा मुद्दाम विरोध निर्माण करतो, म्हणजे रेडिओत खरखर येत नाही आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला त्रास होत नाही. या वायरीतून साधारण १५ ते ४० हजार व्होल्ट जातात. करंट अगदी कमी असल्याने वायर स्वतः तापत नाही. तिला जी उष्णता लागते ती सगळी बाहेरून येते, आणि म्हणूनच ती अडवता येते.

इंजिनाजवळ नेमके किती तापते?

बोनेटखालची हवा तापलेल्या इंजिनाभोवती साधारण ९० ते १२० अंश सेल्सियस असते. चांगल्या वायरीला ती सहज सोसते. खरा त्रास एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा. गाडी उभी राहून आयडलला असताना त्याचा पृष्ठभाग २००-३०० अंशांच्या आसपास असतो, आणि भार घेऊन चढ चढताना किंवा सलग वेगात तो ५०० ते ७०० अंशांपर्यंत जातो. धातू साधारण ५२५ अंशांपासून अंधारात मंद लाल दिसू लागतो. टर्बो असलेल्या इंजिनात रात्री हा लालपणा डोळ्यांनी दिसतो.

दुसरीकडे, सिलिकॉन रबर सतत २०० अंशांच्या आसपासची उष्णता सहन करते, थोड्या वेळासाठी त्याहून जास्तही. स्वस्त वायरींत ईपीडीएम नावाचे रबर असते, त्याची मर्यादा १२५ ते १५० अंश. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळते, मॅनिफोल्डला टेकलेली कुठलीच रबरी वायर टिकणार नाही, मग ती कितीही महागाची असो.

आणखी एक गोष्ट. तापलेल्या धातूतून निघणारी किरणांची उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते (तापमान केल्विनमध्ये धरून). मॅनिफोल्ड ३०० अंशांवरून ६०० अंशांवर गेला तर समोरच्या बुटावर पडणारी झळ दुप्पट होत नाही, पाचपटीहून जास्त होते. रोजच्या ये-जा करण्यात वर्षानुवर्षे टिकलेली वायर एका घाटात का जाते, याचे उत्तर इथे आहे.

उष्णतेने वायर बिघडते म्हणजे नेमके काय होते?

पहिल्यांदा रबराचा लवचिकपणा जातो. बूट कडक होतो, दाबला तर दबत नाही, आणि प्लगच्या चिनीमातीला पकडून बसायचा तो सैल पडतो. मग बुटाच्या कडेला बारीक भेगा येतात. विजेला प्लगच्या टोकातून उडी मारण्यापेक्षा भेगेतून जवळच्या धातूकडे जाणे सोपे वाटले की ती तिकडून जाते. एकदा वाट पडली की तिथे कोळशाची बारीक काळी रेघ उमटते. ती रेघ स्वतःच वीज वाहून नेते, म्हणून पुढच्या वेळी ठिणगी त्याच वाटेने जाणार.

आतल्या कार्बन गाभ्याचेही नुकसान होते. त्याचा विरोध हळूहळू वाढत जातो, काही वेळा क्लिपपाशी तो तुटतो. बाहेरून वायर नवीकोरी दिसते.

विजेच्या इन्सुलेशनबद्दल एक जुना ढोबळ नियम आहे: तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. आकडा अगदी काटेकोर धरू नका, पण दिशा बरोबर आहे. बुटाचे तापमान २०-३० अंशांनी जरी खाली आणले तरी वायर काही पट टिकते. त्यासाठी अवाढव्य खर्चाची गरज नसते.

गाडी थंड असताना ठीक, तापल्यावरच मिसिंग. असे का?

रबर तापले की वीज अडवण्याची त्याची ताकद कमी होते. शिवाय जोरात ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. अडवण्याची ताकद सगळ्यात कमी आणि व्होल्टेजची मागणी सगळ्यात जास्त, या दोन्ही गोष्टी चढावर एकाच वेळी येतात. म्हणून आयडलला गाडी गुळगुळीत वाटते आणि ओव्हरटेक करताना झटके देते.

इंजिन बंद केले की धोका संपला ना?

उलट. चालत्या गाडीत पंखा, समोरून येणारा वारा आणि फिरणारे कूलंट उष्णता वाहून नेतात. किल्ली फिरवली की हे सगळे थांबते, मॅनिफोल्ड मात्र तापलेलाच असतो. त्याची उष्णता आता वर बोनेटखाली साठते, आणि पुढचा काही वेळ बुटांचे तापमान उतरण्याऐवजी चढते. लांबचा चढ चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन-तीन मिनिटे हलके चालू द्या. शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर सावकाश चालवत आणलीत तर त्याहून उत्तम.

वायर उष्णतेनेच गेली, की दुसरे कारण आहे, हे कसे ओळखायचे?

इंजिन पूर्ण थंड असताना एकेक बूट काढून हातात घ्या. उष्णतेने गेलेला बूट कडक, फिका किंवा करडा झालेला आणि ठिसूळ असतो. वाकवला की कडेचा तुकडा पडतो. याउलट बूट मऊ, फुगलेला, चिकट लागला तर तेलाचे काम आहे: टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा प्लगच्या विहिरीच्या सीलमधून तेल उतरत असणार. तिथे उष्णतेचे आवरण घालून काहीही साधत नाही, आधी गळती थांबवा.

वायरीच्या एकाच बाजूला चकाकी, वितळल्याची खूण किंवा सपाट डाग असेल तर ती कशाला तरी टेकते आहे. तो डाग वायरीवर कुठे आहे ते पाहा आणि वायर जागेवर बसवून त्याच्या समोर काय येते ते शोधा. पाच मिनिटांच्या या पाहणीतून कारण अचूक कळते, तरी ती क्वचितच केली जाते.

प्लगही पाहा. पांढऱ्या चिनीमातीवर, धातूच्या षट्कोनाच्या लगेच वर, तपकिरी कडे दिसले तर घाबरू नका. उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे सूक्ष्म कण तिथे चिकटतात, त्याने ठिणगीला अपाय होत नाही. उभ्या बारीक काळ्या रेघा मात्र वाईट. वीज चिनीमातीवरून घसरून खाली गेल्याची ती खूण. अशा वेळी प्लग आणि वायर दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर बुटाच्या आत राहिलेली जुनी रेघ नव्या प्लगवर तशीच रेघ पाडते.

मल्टिमीटरने तपासून चालेल का?

अर्धे चालेल. मीटर गाभा तपासतो, इन्सुलेशन नाही. कार्बन गाभ्याच्या वायरीत मीटरभर लांबीला साधारण १० ते २० हजार ओहम विरोध मिळतो, गुंडाळलेल्या गाभ्यात बराच कमी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. चारही वायरींचा विरोध लांबीच्या प्रमाणात जुळला पाहिजे. एकीचा आकडा दुप्पट-तिप्पट आला, किंवा वायर हलवताना मीटरवरचा आकडा उड्या मारू लागला, तर ती गेली.

पण मीटरची छोटी बॅटरी आणि प्लगचे हजारो व्होल्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मीटरवर पास झालेली वायर इंजिनावर गळू शकते. गळती शोधायची तर अंधारात, इंजिन चालू ठेवून वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा अगदी हलका तुषार मारा. निळसर ठिणग्या दिसल्या किंवा इंजिन अडखळले की जागा सापडली. हे करताना वायरींना हात लावू नका, पंख्यापासून सैल कपडे लांब ठेवा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने चालू इग्निशनच्या जवळही थांबू नये.

चालू इंजिनावर एकेक वायर उपटून कोणता सिलिंडर मेला ते पाहायची जुनी पद्धत आहे. ती वापरू का?

नको. जोरदार शॉक बसतो, विजेला जायला वाट न मिळाल्याने कॉइल आतून फुटू शकते, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या, एक्झॉस्टमधल्या डब्यात) जाते. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारे उपकरण) लावला तर पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असा कोड सरळ मिळतो. पी०३०० म्हणजे कोणता एकच सिलिंडर असे नाही, मिसिंग इकडून तिकडे फिरते आहे.

मिसिंग होत असताना तशीच चालवली तर?

चेक इंजिनचा दिवा स्थिर जळत असेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जा. तो लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर लगेच हलका करा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते, कन्व्हर्टर बेसुमार तापतो आणि आतली जाळी वितळून तुंबते. तुंबलेला कन्व्हर्टर मागे धुराला अडवतो, मॅनिफोल्ड आणखी तापतो, आणि उरलेल्या वायरीही त्या झळीत सापडतात. एका बुटाच्या दुर्लक्षातून एवढे सगळे होते, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

वायर मॅनिफोल्डपासून किती लांब हवी?

मोकळ्या जागेत कमीत कमी २५ मिलिमीटर, जमले तर ५० किंवा अधिक. मोजताना इंजिन बंद असते हे विसरू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते. जोर देताना ते एका बाजूला झुकते आणि उभ्या गाडीत दिसलेले बोटभर अंतर चालत्या गाडीत नाहीसे होते. कॉइल बॉडीवर आणि प्लग इंजिनावर असेल तर वायरीला थोडी ढील ठेवावीच लागते, फक्त ती ढील वरच्या बाजूला राहिली पाहिजे, मॅनिफोल्डवर लोंबता कामा नये.

अंतर वाढवण्याचे मार्ग साधे आहेत. मूळ प्लास्टिक क्लिपा शोधा, बहुतेक वेळा त्यांतली एखादी तुटलेली असते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झालेला असतो. वायर लांबीने जुळणारी घ्या. बूट सरळ, ४५ अंशांचा, ९० अंशांचा अशा वेगवेगळ्या कोनांत मिळतो. नुसता कोन बदलला तरी वायर पाइपच्या समोरून बाजूला होते. बदललेल्या मॅनिफोल्डच्या गाड्यांत हा उपाय मी सगळ्यात आधी करून पाहीन.

सगळ्या वायरी एकत्र बांधून एका बाजूला घेतल्या तर?

एकत्र घट्ट बांधू नका. दोन वायरी लांबवर समांतर आणि चिकटून गेल्या तर एकीतल्या व्होल्टेजमुळे दुसरीत व्होल्टेज उमटते आणि नको त्या सिलिंडरमध्ये वेळेआधी ठिणगी पडू शकते. शेव्हरोलेटच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याचा फायरिंगचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. पाचवा आणि सातवा सिलिंडर एकमेकांच्या शेजारी, आणि ठिणगीही एकापाठोपाठ. पाचव्याच्या वायरीने सातव्याला चेतवले तर तिथे मिश्रण अजून दाबले जात असते, आणि इंजिनाला ठोके बसतात. म्हणून त्या दोन वायरी मुद्दाम लांब ठेवतात.

कंगव्यासारखे दाते असलेले सेपरेटर मिळतात, ते लावा. वायरी एकमेकींवरून न्यायच्याच असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

मॅनिफोल्डवरचा पत्रा निघालेला आहे. तो परत बसवायची गरज आहे का?

हो, आणि हे काम आवरण विकत घेण्याच्या आधीचे. कारखान्यातून येणारी हीट शील्ड म्हणजे पातळ पत्रा आणि त्याच्यामागे हवेची फट. पत्रा किरणांची झळ परतवतो आणि फटीतली हलती हवा उरलेली उष्णता घेऊन जाते. कधी बोल्ट गंजून तुटतो, कधी पत्रा खडखडतो म्हणून काढून टाकला जातो, आणि काढल्यावर गाडी लगेच काही बोलत नाही. वर्षभराने बूट फुटतात तेव्हा कोणाला त्या पत्र्याची आठवणही नसते.

मूळ शील्ड मिळत नसेल तर ॲल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची करून घेता येते. ती मॅनिफोल्डला चिकटवून बसवू नका, १० मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा. पत्र्याची कापलेली कडा वायरीकडे असेल तर ती दुमडून गोल करा, नाहीतर उष्णतेपासून वाचवलेली वायर कडेला घासून कापली जाईल. बोल्टला तांब्याचे किंवा निकेलचे अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावले तर पुढच्या वेळी निघतो.

मॅनिफोल्डलाच उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर सगळा प्रश्न सुटेल का?

बोनेटखालची झळ नक्कीच कमी होते. पण उष्णता पाइपातच कोंडली गेल्याने धातू अधिक तापतो. बिडाच्या मॅनिफोल्डला भेग जाऊ शकते, आणि साध्या स्टीलच्या पाइपावर पट्टीत ओल धरली की गंज भराभर खातो. रोजच्या वापराच्या गाडीला मी पट्टी सुचवत नाही. सिरॅमिक कोटिंग महाग, पण धातूसाठी बरे. नुसता पत्र्याचा आडोसा पुरत असेल तर दोन्हींच्या मागे लागू नका.

वायरीसाठी आवरण घ्यायचेच ठरले. कोणते घेऊ?

काचतंतूची विणलेली नळी ५०० अंशांच्या आसपासची झळ सोसते, स्वस्त असते आणि बहुतेकांना पुरते. तिची टोके मात्र पिंजतात. काचतंतूवर लालसर सिलिकॉनचा थर असलेली जाड नळी सतत २६० अंशांपर्यंत चालते, ज्वाळाही थोडा वेळ सोसते, आणि तेल-पाणी शोषत नाही. जिथे तेलाचे शिंतोडे उडतात तिथे हीच बरी. बेसॉल्ट खडकाच्या तंतूंची नळी काचतंतूपेक्षा थोडी जास्त उष्णता घेते. बुटांसाठी दुहेरी भिंतीचे आखूड मोजे मिळतात. बूट मॅनिफोल्डच्या सगळ्यात जवळ असतो, म्हणून पैसे मोजकेच असतील तर पूर्ण वायरीऐवजी फक्त बुटांवर खर्च करा.

आवरणाकडून काय मिळते तेही नीट समजून घ्या. ते झळ अडवते आणि तापण्याचा वेग कमी करते. तासन्‌तास चारही बाजूंनी १५० अंशांची हवा असेल तर आतली वायरही शेवटी त्याच तापमानाला पोचणार. थंड ठेवण्याचे काम वाऱ्याचे आणि अंतराचे.

कार्बन फायबरची नळी कितीही देखणी असली तरी इथे वापरू नका, कार्बन वीज वाहून नेतो.

चकाकत्या ॲल्युमिनियम थराची नळी चालेल का? घरातली फॉइल गुंडाळली तर?

चकाकता थर किरणांची उष्णता उत्तम परतवतो. पण तो धातू आहे. इन्सुलेशनमध्ये सुईएवढी भेग असली तरी वीज त्या थरावर उडी मारते आणि तो इंजिनाला कुठेतरी टेकलेला असला की झाले. असे आवरण वापरायचे तर वायर नवी असावी, थराचे टोक बुटाच्या उघड्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे राहावे आणि ते कुठल्याही धातूला टेकू नये. मी स्वतः चकाकता थर वायरीवर न घालता आडोशाच्या पत्र्यावर पसंत करतो. साधी फॉइल वायरीला मुळीच गुंडाळू नका.

आवरण चढवायचे कसे?

इंजिन थंड, किल्ली बाहेर. एका वेळी एकच वायर काढा आणि चढवून जागेवर बसवल्यावरच दुसरीला हात लावा, म्हणजे क्रम चुकणार नाही. काचतंतू कातडीत टोचतात आणि खाज सुटते, तेव्हा हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला. कापताना मास्क आणि चष्मा हवा.

नळी बुटाच्या व्यासापेक्षा किंचित मोठी घ्या. ती ओढली की लांब होते आणि अरुंद होते, फुगवली की आखूड आणि रुंद होते, या गुणाचा उपयोग करून ती बुटावरून सरकवता येते. बूट काढून नळी घालायचा प्रयत्न करू नका, क्लिपचा गाभ्याशी असलेला जोड बिघडतो. टोक कापण्याआधी त्यावर उष्णता सोसणाऱ्या काचतंतूच्या टेपचा वेढा घ्या आणि वेढ्याच्या मधोमध कापा. शेवटी बूट प्लगवर दाबताना ‘टक्’ असा आवाज किंवा हाताला झटका जाणवला पाहिजे. बुटावरच्या जाड मोज्यामुळे तो जाणवत नसेल तर मोजा मागे सारून खात्री करा. अर्धवट बसलेला बूट हे आवरण लावल्यानंतरच्या मिसिंगचे सगळ्यात नेहमीचे कारण.

काळी टेप आणि प्लास्टिकचे टाय वापरले तर?

साधी पीव्हीसी टेप ८० ते १०५ अंशांपर्यंतची असते. त्यापुढे गोंद ओघळतो आणि टेप सुटते. साधे नायलॉनचे टाय सतत ८५ अंशांपर्यंतचे, नंतर ठिसूळ होऊन तुटतात. उष्णतेसाठी खास बनवलेले नायलॉन थोडे पुढे जाते. स्टीलचे टाय टिकतात, पण थेट वायरीवर आवळले तर सालीत रुततात. मॅनिफोल्डच्या बाजूला टाय लावूच नका, क्लिपने दुसऱ्या बाजूला ओढून घ्या.

बुटात ग्रीस लावायचे की नाही?

लावा, पण डायइलेक्ट्रिक म्हणजे वीज न वाहणारे सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बोटावर जेमतेम दिसेल इतकेच. बुटाच्या तोंडाशी आतून पातळ थर पुरतो. त्याने बूट चिनीमातीला चिकटून भाजला जात नाही, ओल आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट सहज निघतो. बेअरिंगचे किंवा इतर पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवते, ते वापरू नका. तांब्याचे अँटी-सीझ बुटात घालणे म्हणजे विजेला वाट करून देणे.

बूट प्लगला चिकटला आहे, निघत नाही.

वायर धरून ओढू नका. कार्बन गाभा क्लिपमधून तिथेच उपटतो. बूट पकडून अर्धा फेरा उजवीकडे, अर्धा डावीकडे असे फिरवा आणि मग सरळ वर घ्या. बूट काढायची खास पक्कड मिळते. तरीही येत नसेल तर बूट चिरून काढा आणि नवी वायर टाका, नाहीतर प्लगची चिनीमाती मोडेल.

जास्त जाडीची, ८ किंवा ८.५ मिलिमीटरची वायर घेतली तर उष्णतेचा त्रास जाईल का?

थोडा कमी होईल, जाणार नाही. साधी वायर ७ मिलिमीटरची असते. जाडीमुळे इन्सुलेशन वाढते, पण जाडीपेक्षा माल महत्त्वाचा. ७ मिलिमीटरची अस्सल सिलिकॉन वायर ८ मिलिमीटरच्या हलक्या रबरापेक्षा चांगली. शिवाय जाड वायर मूळ क्लिपांत बसत नाही, मग ती क्लिपांबाहेर मोकळी सोडली जाते आणि मॅनिफोल्डवर पडते. घेणार असाल तर तिच्या मापाच्या क्लिपाही घ्या.

सिरॅमिक बूट कसे असतात?

पाइप प्लगला जवळजवळ घासून जातात अशा रेसिंगच्या इंजिनांसाठी उत्तम, रबराच्या कितीतरी पट उष्णता सोसतात. पण ते लवचिक नाहीत, पाना लागला तर तडकतात, आणि रबरासारखे प्लगला घट्ट धरून बसत नाहीत. रोजच्या गाडीला सहसा गरज पडत नाही.

सीएनजीवर वायरी लवकर का जातात?

गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. प्लगची फट झिजून वाढली की मागणी आणखी चढते. पेट्रोलवर तग धरणारा अर्धवट थकलेला बूट गॅसवर टाकताच गळू लागतो. म्हणून गॅसच्या गाडीत प्लगची फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि प्लग वेळेवर बदला.

नवी वायर टाकली, आवरण घातले, तरी तोच बूट पुन्हा जळतो.

मग दोष वायरीचा नाही. त्या जागी नेहमीपेक्षा जास्त उष्णता का आहे ते शोधा. पहिला संशय मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर. ते एका पोर्टपाशी (सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याच्या तोंडापाशी) फुटले तर तापलेल्या धुराचा झोत थेट बुटावर जातो. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येतो आणि तापल्यावर कमी होतो, पॅकिंगच्या कडेला काजळी दिसते. अशा झोतापुढे कोणतेही आवरण टिकत नाही.

त्यानंतर टायमिंग पाहा. ठिणगी उशिरा पडत असेल तर मिश्रण जळत जळतच बाहेर पडते आणि मॅनिफोल्ड जास्त तापतो. तुंबलेला कन्व्हर्टर, न फिरणारा रेडिएटरचा पंखा, बोनेटखालून हवा जाण्याच्या वाटेत बसवलेली एखादी जादा वस्तू, हेही तपासा.

केलेल्या उपायाचा फरक पडला की नाही, कसे कळणार?

तापमान दाखवणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. ठरावीक अंशाला त्यांवरचा ठिपका कायमचा काळा होतो. बुटाजवळ एक चिकटवा, नेहमीच्या चढावर जाऊन या, मग उपाय करून दुसरी पट्टी लावून तोच रस्ता पुन्हा चालवा. इन्फ्रारेडची बंदूक सोपी आहे, पण चकचकीत धातूवर ती खरे तापमान कमी दाखवते. काळ्या, मळलेल्या पृष्ठभागावर किंवा थेट बुटावर रोखा, तिथला आकडा भरवशाचा.

माझ्या गाडीत प्रत्येक प्लगवर कॉइल आहे, वायरी नाहीत.

तिथेही कॉइलखाली लांब रबरी बूट आणि आत स्प्रिंग असते, आणि तो उष्णतेने तसाच कडक होतो. अनेक गाड्यांत कॉइल न बदलता फक्त बूट बदलता येतो. बाहेरून आवरण घालायला जागा नसते, त्यामुळे ग्रीसचा पातळ थर आणि तेलाची गळती थांबवणे एवढेच तुमच्या हातात.

जुन्या गाडीत मॅनिफोल्डजवळ राखाडी-पांढरा तंतुमय थर आहे. खरवडून काढू का?

जुन्या पॅकिंगमध्ये आणि शील्डमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर गंभीर आजार होतात. खरवडू नका, घासू नका, हवेच्या फवाऱ्याने साफ करू नका. अशा कामाची माहिती असलेल्याकडून काढून घ्या.

आवरण लावल्यावर धूर आणि वास येतो. जळते आहे का?

पहिल्या काही वेळा तापताना येणारा हलका धूर विणीतल्या चिकट लेपाचा असतो, तो आपोआप थांबतो. सगळे शांत झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी धूर पुन्हा सुरू झाला तर आवरण हाताने चाचपून पाहा, अर्थात इंजिन थंड असताना. तेलकट लागले तर वर टॅपेट कव्हर गळते आहे. तेल प्यायलेली काचतंतूची नळी वातीसारखी पेट घेऊ शकते, ती धुऊन परत लावू नका. पॅकिंग बदला आणि नळी नवी घाला.